सहा वाजून वीस मिनिटांचा भोंगा

दर वर्षी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सिंगापूरभर भोंगे वाजतात. एक मिनिटभर, एका सुरात. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा क्लेमेंटी स्टेशनजवळ रस्ता ओलांडायला उभी होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात तीन वर्षांचा मुलगा. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. शेजारी उभ्या असलेल्या चिनी आजींनी माझ्या मुलाकडे बघून स्वतःच्या कानांवर हात ठेवले, हसल्या, आणि हिरवा दिवा लागल्यावर निघून गेल्या.

१९४२ साली याच दिवशी, याच सुमाराला, बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात जनरल पर्सिव्हलने जनरल यामाशितापुढे शरणागती पत्करली. तो कारखाना आमच्या घरापासून बसने जाण्याइतका जवळ आहे. ज्या केंट रिजच्या टेकडीवर मी नोकरी करते, तिथे त्याआधीचे दोन दिवस मलाय रेजिमेंट अक्षरशः शेवटपर्यंत लढली. हरल्याचा दिवस इतक्या शिस्तीने पाळणारा देश मी दुसरा पाहिला नाही. याला इथे 'टोटल डिफेन्स डे' म्हणतात.

या वर्षी भोंग्यानंतर आम्ही एका काकांकडे जेवायला गेलो होतो. काका तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीहून आले, इथले नागरिक झाले, त्यांच्या मुलाने दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा पुरी केली. आम्ही गेलो होतो सल्ला घ्यायला. पीआरचा अर्ज घरात पडून आहे. तो मंजूर झाला तर आज पाच वर्षांचा असलेला आमचा मुलगा अठराव्या वर्षी बंदूक हातात घेणार. काकांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. "अगं, हा देश शहाणा आहे," ते म्हणाले. "हरल्याच्या दिवसाची आठवण ठेवली आणि फौज उभी केली. आपण काय केलं? सत्याग्रह! गोव्यात पंचावन्न साली निःशस्त्र पोरं पाठवली, त्यांनी गोळ्या खाल्ल्या. शेवटी एकसष्ट साली सैन्यच पाठवावं लागलं ना? छत्तीस तासांत काम झालं." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग परदेशातल्या मराठी जेवणात बासुंदीनंतर येतो तो गांधींवरचा विनोदही आला.

मला तिथल्या तिथे उत्तर सुचत नाही, घरी भांडी घासताना सुचतं. हे ते उत्तर.

काकांनी सांगितलेली गोव्याची हकीकत खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आणि ही चूक त्यांच्या एकट्याची असती तर मी लिहायला बसले नसते. अहिंसेची आरती करणारी मंडळीही नेमकी तीच चूक करतात. निःशस्त्र प्रतिकार म्हणजे बंदुकीसमोर छाती उघडी करून उभं राहणं, असं दोघांनाही वाटतं. एकाला ते मूर्खपणाचं वाटतं, दुसऱ्याला पवित्र. अहो, पण देश जिंकल्यावर शत्रूला तो चालवायचा असतो. त्यासाठी त्याला तलाठी लागतो, मास्तर लागतो, रेल्वेचा पॉइंट्समन लागतो, बंदरातला क्रेनवाला लागतो, वीज केंद्रातला रात्रपाळीचा माणूस लागतो. या माणसांनी ठरवून, आधीपासून तयारी करून, एकमेकांच्या चुली पेटत्या ठेवून हात आखडता घेतला, तर जिंकलेला देश शत्रूच्या गळ्यातलं लोढणं होतो. देशसंरक्षणाचा हा एक प्रकार आहे. त्यात छाती उघडी करण्याचे प्रसंग येतात, पण ते मुख्य काम नव्हे. मुख्य काम कंटाळवाणं आहे.

मी विजेचे ग्रिड कसे कोलमडतात यावर काम करते. आमच्या नकाशांवर वाहिन्या असतात, उपकेंद्रं असतात, भार असतो. कळ दाबणारा माणूस कुठेच नसतो. तो कायम दाबणारच, असं आम्ही गृहीत धरतो. सगळे राज्यकर्तेही तेच गृहीत धरतात.

आता त्या भोंग्याकडे परत येते. तो ज्याची आठवण करून देतो तो पराभव फौजेचा होता. शरण आलेल्या सैनिकांची संख्या जिंकणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त होती. सिंगापूरने त्यातून धडा घेतला की परक्याच्या फौजेवर विसंबू नये, स्वतःची उभारावी. धडा योग्यच आहे. १९६७ पासून सक्तीची सेवा आली, १९८४ मध्ये टोटल डिफेन्स आलं. पण दुसरा प्रश्न तसाच राहिला. फौज हरल्यावर, १६ फेब्रुवारीच्या सकाळी, दुकानदाराने, कारकुनाने, नर्सने काय करायचं होतं? त्यांना कुणीच काही सांगून ठेवलं नव्हतं. वसाहतीच्या सरकारने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, हुकूम आला की पाळायचा. दोन-तीन दिवसांत नवा हुकूम आला, चिनी पुरुषांनी तपासणीच्या केंद्रांवर हजर व्हावं. पुरुष हजर झाले. त्यांतल्या हजारोंना समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन मारलं. सूक चिंग म्हणतात त्याला. मेलेल्यांचा आकडा पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कुठलाही सांगितला जातो. मी त्या माणसांना दोष देत नाही, आणि असहकाराने ते वाचले असते असंही म्हणत नाही. ज्याला माणसंच नको आहेत त्याच्यावर माणसांच्या असहकाराची मात्रा फारशी चालत नाही. या पद्धतीची ही मोठी मर्यादा आहे आणि ती लपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण त्यानंतर साडेतीन वर्षं हे बेट 'स्योनान' म्हणून चालवलं गेलं. ते जपान्यांनी एकट्याने चालवलेलं नाही.

गंमत अशी, की त्याच फेब्रुवारीत जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमकी उलट गोष्ट चालू होती. नॉर्वेत जर्मनांच्या आशीर्वादाने क्विसलिंग सत्तेवर होता. त्याने शिक्षकांची एक नवी सक्तीची संघटना काढली. मुलांना नाझी विचार शिकवायचे तर आधी मास्तर ताब्यात हवेत. देशात साधारण बारा हजार शिक्षक होते. त्यांतल्या आठ ते दहा हजारांनी, जवळजवळ एकाच मजकुराचं पत्र, स्वतःच्या सहीने आणि पत्त्यासह सरकारला पाठवलं, आम्ही यात सामील होणार नाही. सरकारने शाळा बंद केल्या. वर्ग लोकांच्या घरांत भरले. हजारो पालकांनी निषेधाची पत्रं लिहिली. मार्चमध्ये हजारभर शिक्षकांना पकडलं, त्यांतल्या पाचेकशेंना बोटीत कोंबून उत्तरेला किर्केनेसला सक्तीच्या मजुरीला धाडलं. काही तिथे मेले. बाकीचे नमले नाहीत, आणि नोव्हेंबरपर्यंत सरकारला त्यांना परत आणावं लागलं. संघटना कागदावरच राहिली. नॉर्वे मास्तरांनी मुक्त केला असं मी म्हणणार नाही, तो जर्मनी हरल्यावर मुक्त झाला. पण पाच वर्षं देश ताब्यात असूनही नॉर्वेच्या शाळा क्विसलिंगच्या झाल्या नाहीत. फौजेला हे जमलं नसतं. फौज तर १९४० सालीच हरली होती.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. सिंगापूर पडलं, रंगून पडलं, आणि एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम, काकिनाड्यावर बाँब टाकले. त्या महिन्याच्या अखेरीस अलाहाबादला काँग्रेसने ठराव केला. जपानी आले तर त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत, त्यांचा हुकूम मानायचा नाही, त्यांच्या मेहरबान्या घ्यायच्या नाहीत, आपली घरं-शेतं घ्यायला आले तर सोडायची नाहीत. मीराबेन ओरिसाच्या किनारपट्टीवर गेल्या होत्या, गावं कशी तयार करायची ते बघायला. तिथून त्यांनी गांधींना बारीकसारीक प्रश्न विचारले आणि मेअखेरीस गांधींनी त्यांना तितकंच बारीक उत्तर दिलं. ज्यांना हा माणूस चरखा आणि बकरी यांपलीकडे ठाऊक नाही, त्यांनी तो पत्रव्यवहार काढून वाचावा. त्यात भाबडेपणा शोधून सापडत नाही. लोक किती काळ टिकतील याविषयीची शंकाही त्यात आहे. पुढे ऑगस्टमध्ये सगळेच तुरुंगात गेले, जपानी ओरिसात उतरले नाहीत, आणि ती योजना कधी कसाला लागली नाही.

कसाला लागली ती वेगळ्या शत्रूविरुद्ध, आणि आपल्याच अंगणात. माझी आजी वाळवा तालुक्यातली. पत्री सरकार म्हटलं की आमच्या घरातले पुरुष दोनच गोष्टी सांगतात, तळपायावर मारायची पत्री आणि शेणोलीला लुटलेली पगाराची रेल्वेगाडी. आजीची आठवण वेगळी. तिच्या माहेरी बांधावरून भाऊबंदकी होती, वर्षानुवर्षं इस्लामपूरच्या कोर्टात तारखा चालल्या होत्या. "मग एक दिवस आमच्या आबांनी कोर्टात जायचंच सोडलं," ती सांगायची. गावातच रात्री माणसं बसली, दोन्हीकडचं ऐकलं, बांध ठरवून दिला. वकिलाची फी वाचली याचा तिला शेवटपर्यंत आनंद होता. त्यात साम्राज्याचा काही संबंध आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

माझं म्हणणं नेमकं आजीच्या त्या बांधावर उभं आहे. सातारा जिल्ह्यात १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काय झालं ते क्रमाने बघा. आधी मोर्चे निघाले, तालुक्याच्या कचेऱ्यांवर. ३ सप्टेंबरला तासगावला मोर्चा फत्ते झाला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार. कचेरीसमोर जमलेल्या जमावाशी काय करायचं हे सरकारला नीट माहीत होतं. तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्यासारख्यांनी काय केलं? कचेरीवर जायचं सोडून त्यांनी कचेरीकडे पाठ केली. १९४३ पासून १९४६ पर्यंत गावोगाव न्यायदान मंडळं बसली, दारूबंदी झाली, बिनखर्चाची गांधी लग्नं लागली, सावकारांना चाप बसला. ब्रिटिशांचं राज्य कागदावर होतं, पण लोक त्याच्याकडे काही मागायलाच जात नव्हते.

इथे कुणीतरी मला अडवेल, की बाई, प्रतिसरकार अहिंसक होतं असं सांगताय की काय? नाही. त्यांच्याकडे बंदुका होत्या, तुफान सेना होती, आणि पत्री कुणाच्या पायावर किती न्यायाने बसली हा प्रश्न आजही सांगली-साताऱ्यात हळू आवाजात विचारला जातो. पण मूठभर बंदुकांच्या जोरावर कुणी ब्रिटिश साम्राज्यापुढे तीन वर्षं टिकत नाही. फरारी माणूस रात्री येतो, जेवतो, पहाटे जातो, आणि सकाळी फौजदार आल्यावर अख्खं गाव "इकडं कुणी आलं न्हाई" म्हणतं, त्यावर तो टिकतो. सिनेमात पगाराच्या गाडीची लूट येईल. भाकरी थापणाऱ्या बाईचं 'न्हाई' येणार नाही, कारण ते दिसायला काहीच नाही.

आता गोवा. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी तुकडी नेली, गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाठोपाठ मधु लिमयेंना बारा वर्षांची. १५ ऑगस्टला बांद्याच्या बाजूने, इतर वाटांनी हजारो माणसं हद्द ओलांडायला निघाली. पत्रादेवीला कर्नैलसिंग बेनिपाल पडला. त्या दिवशी वीसहून जास्त माणसं मेली. त्यांच्या धैर्याविषयी बोलायची माझी लायकी नाही. पण योजनेविषयी बोलायलाच हवं. पुण्याहून, बेळगावहून, पंजाबातून चालत आलेल्या या माणसांवर पोर्तुगीज राज्याचं काय अडत होतं? काहीही नाही. ती त्यांची कारकून नव्हती, खाणकामगार नव्हती, मुरगाव बंदरातली हमाल नव्हती. त्यांनी सहकार्य काढून घ्यायला मुळात दिलेलंच नव्हतं. हात आखडता घेऊ शकणारी माणसं गोव्याच्या आत होती, आणि त्यांची बांधणी पोर्तुगीजांनी आधीच मोडली होती. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेने जे उठलं ते दडपून त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर अशांना थेट पोर्तुगालला नेऊन ठेवलं. सालाझारला समजलं होतं धोका कुठे आहे. आपल्याला समजलं नाही. पुढे भारताने नाकेबंदी केली तर पोर्तुगीजांनी बाहेरून धान्य आणलं, लोहखनिज जपानला, जर्मनीला जात राहिलं. १९५५ साली गोव्यात जे हरलं तो वडूज-इस्लामपूरचाच प्रकार होता, फक्त हद्दीपलीकडचा. आजीच्या बांधाचा प्रकार तिथे झालाच नाही.

आणि काका, त्या छत्तीस तासांबद्दल. सालाझारने डिसेंबर १९६१ मध्ये हुकूम दिला होता, शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने तो मानला नाही. मानला असता तर पणजीचं काय झालं असतं याचा विचार करा. परत गेल्यावर त्याला लष्करातून काढून टाकलं. तुमच्या त्या जलद विजयातही एका माणसाचा 'नाही' आहे.

या विषयावर वाद झाला की एक आकडा हमखास येतो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा मोजल्या, त्यांत निःशस्त्र मोहिमा निम्म्याहून थोड्या जास्त वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र साधारण एक चतुर्थांश वेळा. मी तो आकडा काकांच्या तोंडावर फेकणार नाही. त्यातल्या कितीतरी मोहिमा लोकांनी स्वतःच्याच राज्यकर्त्यांविरुद्ध केलेल्या आहेत, परकी रणगाडे आल्यावर काय होतं हा वेगळा प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये मेलितोपोलच्या महापौराला रशियनांनी उचलून नेलं, लोक दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर आले, खेरसोनमध्ये लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले. रणगाडे थांबले नाहीत. खेरसोन नोव्हेंबरमध्ये परत मिळालं ते युक्रेनच्या सैन्यामुळे. तेव्हा फौज नको असं मी म्हणत नाही. फौज हरल्यावर, किंवा फौज पोचेपर्यंत, जे काही करायचं त्याचा सराव कुणी करून घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

सिंगापूरच्या टोटल डिफेन्सचे सहा भाग आहेत: लष्करी, नागरी, आर्थिक, सामाजिक, मानसिक, आणि २०१९ पासून डिजिटल. कल्पना स्वीडन-स्वित्झर्लंडकडून घेतलेली. रक्तदान, प्रथमोपचार, खोट्या बातम्या ओळखणं, सगळं शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. यात एकच गोष्ट बसत नाही: चुकीच्या माणसाचा हुकूम आला तर तो कसा मोडायचा. स्वीडनने २०१८ साली घरोघर जी पुस्तिका वाटली तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं, की प्रतिकार थांबवा असा निरोप कुठूनही आला तरी तो खोटा समजा. म्हणजे नागरिकाला आधीच सांगून ठेवलं, कुठल्या हुकमाला हुकूम समजायचं नाही. इथे एकट्या माणसाला फलक धरून उभं राहायलाही परवाना लागतो. हाँग लिम पार्कात नागरिकांना बोलायची सोय आहे, माझ्यासारख्या परदेशीला तिथेही परवान्याशिवाय उभं राहता येत नाही. मी पाहुणी आहे, या देशाचं मीठ खाते, त्यामुळे कायदा कसा असावा हे सांगणार नाही. एवढंच विचारते, की ज्याला आयुष्यात एकदाही 'नाही' म्हणायचा सराव नाही, तो सोळा तारखेच्या सकाळी अचानक कसं म्हणेल?

भारतात तरी काय वेगळं आहे? ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती ठरल्या. पुण्याहून आईचा फोन आला, भोंगा वाजला म्हणून. कवायतीत काय, तर दिवे घालवा, खिडक्यांपासून लांब राहा, स्वयंसेवक सांगतील तसं करा. हे जरूर करावं, जीव वाचतात. पण ज्या देशाने अलाहाबादचा ठराव केला, ज्या जिल्ह्याने तीन वर्षं कचेरीकडे पाठ फिरवली, त्याच्या नागरी संरक्षणात नागरिकाने फक्त अंधारात बसायचं, याची मला लाज वाटते.

अर्ज अजून खणात आहे. नवऱ्याचं मत, भरून टाकू. माझीही हरकत नाही, मुलाने दोन वर्षं गणवेश घातला तर. मला छळतंय ते वेगळंच. या व्यवस्थेत माझ्या मुलाला अठराव्या वर्षी काम आहे. मला नाही. बायकांना नाही, म्हाताऱ्यांना नाही, बंदरात आणि बांधकामांवर राबणाऱ्या लाखो परदेशी मजुरांना नाही. आणि ज्यांच्या हातात कळा आहेत, ती बहुतेक हीच माणसं.

गेल्या आठवड्यात लिफ्टजवळ काका भेटले तेव्हा मी त्यांना हे सगळं जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सगळं ठीक आहे गं. पण खरं सांग, इथे खरंच काही झालं तर तू ग्रिडपाशी थांबशील, की पोराला घेऊन पहिल्या विमानाने पुण्याला जाशील?"

लिफ्ट आली. मी त्यांना उत्तर दिलं नाही.